मीठ किंचित कमी

स्वयंपाक झाला की त्या घरात पहिली वाटी बाहेरच्या खोलीत जायची. वाटी लहानशीच. तळाला चमचाभर डाळ, नाहीतर भाजीची एखादी फोड. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले तपासनीस वर्तमानपत्राची घडी घालत, चष्मा काढून ठेवत, वाटी नाकाशी नेत आणि मग जिभेवर थेंबभर घेऊन डोळे मिटत. चवीचा चष्म्याशी काय संबंध, हे त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. आत ओट्याशी सगळं थांबलेलं असे. थोड्या वेळानं बाहेरून निकाल येई.

"मीठ किंचित कमी आहे."

कधी मिठाच्या जागी आंबट असे, कधी तिखट, खीर असली तर साखर. पण असे ते कमीच, आणि किंचितच. वाटी आत जाई, जराशानं परत येई, तपासनीस पुन्हा चाखत आणि मान डोलावत. "आता बसलं." मग पानं वाढली जात.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. उभी नोकरी त्यांनी वजनमापं तपासण्यात घालवली होती. दुकानादुकानांतून फिरायचं, तागडी उचलून बघायची, लिटरच्या मापाचा तळ ठोकून आत चेपलाय का ते पाहायचं, आणि दुकानदाराच्या नजरेला नजर देऊन म्हणायचं, "किंचित कमी आहे." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांच्या तोंडून ते शिक्का मारल्यासारखं पडे. निवृत्त झाले तेव्हा खरा शिक्का आणि वजनांची पेटी कार्यालयात जमा झाली. वाक्य तेवढं घरी आलं. रस्त्यानं जाताना आता कोणी दुकानदार गडबडीनं उभा राहत नसे. अधिकार म्हणून जे काही उरलं होतं ते त्या एका वाटीत होतं.

त्या वाटीला घरातल्या जुन्या पद्धतीचा आधार होता. स्वयंपाक करणारीनं शिजवताना चाखायचं नाही, असं तपासनीसबाईंना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं, आणि सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी. मीठ हाताच्या अंदाजानं. फोडणी कानाच्या आणि नाकाच्या अंदाजानं. मोहरीचा आवाज बसला की जिरं, जिऱ्याचा रंग फिरला की हिंग, हिंगाचा वास उठला की लगेच डाळ. चाखायचं ते दुसऱ्यानं.

घरात नवी आलेली सून एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागात फार्मासिस्ट होती. तिथे 'अंदाज' हा शब्द कोणी मोठ्यानं उच्चारला असता तर चौकशी लागली असती. त्यामुळे तपासनीसबाईंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या काही आठवड्यांसाठी तिकडे जायला निघाल्या, तेव्हा सून ओट्याशी पेन घेऊन उभी राहिली.

"आई, डाळीत मीठ किती?"

"अंदाजानं."

"म्हणजे साधारण किती ग्रॅम?"

"अगं, ग्रॅम कुठले? डाळीकडे बघायचं आणि घालायचं."

सुनेनं डाळीकडे बघितलं. डाळीनं काही सांगितलं नाही.

"तू नको घाबरूस," तपासनीसबाई पिशवीची चेन ओढत म्हणाल्या. "हे आहेत ना घरात. यांची जीभ म्हणजे काटा आहे. ते सांगतील तसं कर."

त्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी तपासनीसांना सर्दी झाली. साधीच सर्दी. शिंका आल्या, नाक वाहिलं, रुमाल धुवायला पडले. दोन-चार दिवसांत नाक मोकळं झालं. पण मोकळ्या नाकातून आत काहीच येईना. सकाळच्या चहाला वास नव्हता. अंगाच्या साबणाला नव्हता. तपासनीसांनी घरात कोणी नसताना हिंगाची डबी उघडून थेट नाकाला लावली, तर खडूची भुकटी हुंगावी तसं वाटलं. मग त्यांनी कैरीच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली. ती रबरासारखी चावली गेली. वासामागोमाग चवही गेली होती.

ते गुपचूप चौकातल्या डॉक्टरांकडे गेले.

"होतं असं कधीकधी सर्दीनं," डॉक्टर म्हणाले. "येईल परत."

"कधी येईल?"

"ते असं सांगता येत नाही."

"पण आलीय हे कळणार कसं?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "आली की तुम्हालाच कळेल."

घरी परतताना तपासनीस सुनेला सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच चालत होते. पण दार उघडलं तर सून वाटी घेऊनच उभी. कपाळावर घाम, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या वेळचा भाव. "बाबा, बघता?" एवढ्या विश्वासानं समोर केलेल्या वाटीला 'मला कळत नाही' म्हणून परत पाठवणं त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी चष्मा काढला, वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. आत नुसतं कोमट काहीतरी होतं. 'बरोबर आहे' म्हणायला खात्री लागते, हे ते नोकरीत शिकले होते. 'कमी आहे' म्हटलं तर मात्र आजवर कोणी छाती ठोकून उलट बोललं नव्हतं.

"मीठ किंचित कमी आहे."

सुनेनं अर्धा चमचा मीठ मोजून घातलं आणि वाटी परत आणली.

"आता बसलं," तपासनीस म्हणाले आणि त्यांना हायसं वाटलं.

इथपर्यंत फार बिघडलेलं नव्हतं. पण सून होती औषधाच्या हिशेबातली. आदल्या दिवशी मात्रा जिथे थांबली, दुसऱ्या दिवशी तिनं तिथूनच सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीही बाहेरून तेच आलं, "किंचित कमी." तिनं आणखी अर्धा चमचा वाढवला. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी. डाळीचं झालं तसंच भाजीचं आणि कोशिंबिरीचं. आठवडाभरात त्या घराची डाळ अशा जागी जाऊन पोहोचली की तिच्यात अंडं टाकलं असतं तर वर तरंगलं असतं.

पान वाढून बसल्यावर सुनेला पहिल्या घासालाच कळायचं. पण समोर सासरे शांतपणे भात कालवत असायचे. शेजारी नवरा मान खाली घालून जेवत असायचा. माहेरी वडिलांच्या ब्लडप्रेशरमुळे सगळं अळणीच असायचं, तेव्हा सवय नसलेली जीभ आपलीच, असं तिनं मनाशी धरलं. सासरची चव म्हणतात ती हीच असणार. घोटभर पाणी, एक घास, असं करत ती ती चव अंगी मुरवू लागली.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. लग्न ठरलं तेव्हा त्याच्या वरच्या साहेबानं त्याला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली होती. "पहिलं वर्ष बायकोच्या स्वयंपाकाबद्दल अवाक्षर काढू नकोस. वाईट तर नाहीच, चांगलंही म्हणू नकोस. चांगलं म्हटलंस की तेच रोज मिळतं." त्यामुळे मुलानं अक्षरशः मिठाची गुळणी धरली होती. तिच्या माहेरी असंच खात असतील, वडील बोलत नाहीत म्हणजे त्यांनी सांभाळून घेतलंय, मग आपण कोण बोलणार, असा त्याचा विचार. ऑफिसात मात्र त्यानं आपलं टेबल पाण्याच्या कूलरजवळ सरकवून घेतलं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, ते त्याला आता कळत होतं. डोळा लागतोय न लागतोय तोच तहान लागायची.

घसा सारखा का कोरडा पडतो, हे खुद्द तपासनीसांनाही कळेना. सर्दीचंच काहीतरी मागं राहिलं असेल म्हणून ते गप्प बसले.

"जेवणाचं कसं चाललंय?" तपासनीसबाईंनी फोनवर विचारलं.

"झकास," तपासनीस म्हणाले. "पोरीला अंदाज आला बरं का."

एका रविवारी सुनेचे आईवडील जेवायला आले. तिचे वडील घड्याळजी. बाजारपेठेत त्यांचं लहानसं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं काम करत असल्यामुळे बोलणंही त्यांचं चिमट्यानं उचलल्यासारखं, नेमकं आणि हळू. आई शाळेत गणित शिकवायच्या, आणि दोघांच्या वाटचं त्याच बोलायच्या. लेकीच्या हातचं सासरी पहिल्यांदा जेवायचं म्हणून दोघंही हौसेनं आले होते.

पहिला घास घेतल्यावर विहीणबाईंचं बोलणं थांबलं. घड्याळजींनी तोंडातला घास गालात ठेवून पाण्याचा पेला उचलला. तपासनीस तेवढ्यात डाळीत भात कालवत म्हणाले, "घ्या ना व्याही, संकोच करू नका."

"नाही, घेतोय," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी पेला रिकामा केला.

विहीणबाई वाढायला मदत करायच्या निमित्तानं लेकीच्या मागं स्वयंपाकघरात गेल्या.

"अगं, मीठ..."

"मम्मी, हळू बोल. इथे असंच लागतं."

"असं?"

"बाबा स्वतः चाखून सांगतात. आज तर त्यांनी दोनदा वाढवायला लावलं. पाहुणे येणार म्हणून."

विहीणबाई लेकीकडे बघत राहिल्या. फोडणीचं कढलं हातात धरून उभी राहिलेली पोर त्यांना एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बाहेर येऊन पान स्वच्छ केलं आणि निरोप घेताना म्हणाल्या, "सुगरण झाली हो आमची. सगळी तुमची शिकवण."

तपासनीसांनी नम्रपणे मान झुकवली.

परतीच्या बसमध्ये त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. "पोरीनं किती जुळवून घेतलंय बघा."

"पिशवीत पाण्याची बाटली आहे का?" घड्याळजींनी विचारलं.

आता उलट आमंत्रण करणं आलं. तपासनीसबाई बहिणीकडून परतायच्या होत्या, त्याच दिवशी दुपारचं जेवण विहीणबाईंनी आपल्याकडे ठरवलं, म्हणजे बाईंना प्रवासातून येऊन घरी ओट्याशी उभं राहायला नको. बस स्टँडवरून मुलानं आईला थेट तिकडेच आणायचं.

त्या दिवशी विहीणबाई सकाळपासून ओट्याशी होत्या. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं मिठाचा डबा मागच्या फळीवर असे. तो त्यांनी पुढे काढला. डाळीत घातलं, थांबल्या, त्या दिवशीचा घास आठवला, आणखी घातलं. भाजीत घातलं. कणकेतही नेहमीपेक्षा सढळ हात सोडला.

घड्याळजी दारात उभं राहून बघत होते. "एवढं?"

"त्यांच्या तोंडाला आवडेल असं नको का व्हायला? उद्या पोरीला ऐकावं लागेल, तुझ्या माहेरी अळणी जेवलो म्हणून."

"मग आपण काय खायचं?"

"आपण वरवर खाल्ल्यासारखं करायचं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. तपासनीसबाई प्रवासातून आलेल्या, सकाळपासून चहावर होत्या. मनापासून भूक लागलेली. त्यांनी पोळीचा घास भाजीत बुडवून तोंडात घातला आणि तशाच थांबल्या. मग हळूच डाळ चाखली. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते प्रवासाच्या धुळीचं असावं असं दाखवत त्यांनी पदरानं टिपलं.

"काय झालं, विहीणबाई?"

"काही नाही. बहिणीची आठवण झाली."

मनात त्या म्हणत होत्या, तरीच. तरीच पोरगी मिठाचे ग्रॅम विचारत होती. माहेरी हे असं असल्यावर तिला अंदाज कुठून येणार? त्यांनी सुनेकडे मायेनं बघितलं. सून आईकडे बघत होती, कारण आपल्या घरी अशी डाळ तिनं जन्मात खाल्ली नव्हती. मुलगा कोणाकडेच बघत नव्हता. आपला तर्क खरा निघाला म्हणून तो खाली बघून मुकाट जेवत होता.

विहीणबाईंना मात्र अजून पावती मिळाली नव्हती. त्या तपासनीसांकडे वळल्या. "व्याही, तुमची जीभ म्हणजे काटा, असं आमची लेक सांगते. तुम्हीच सांगा, कसं झालंय?"

तपासनीसांनी घास सावकाश चावला. चष्मा काढला. डोळे मिटले. एवढे सगळे आपल्या शब्दाची वाट बघतायत, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनीही जाणवत होतं. नोकरीतले जुने दिवस परत आल्यासारखे वाटले.

"उत्तम," ते म्हणाले. "उत्तमच झालंय. मीठ मात्र..." त्यांनी क्षणभर थांबून पुन्हा जीभ फिरवली, "मीठ किंचित कमी आहे."

विहीणबाई उठल्या. निमूटपणे आत गेल्या आणि मिठाचा आख्खा डबा घेऊन आल्या.

त्यांनी झाकण काढलं तेव्हा घड्याळजींनी डब्यावर हात ठेवला. त्यांचा तो हात अगदी हळू आला होता, पण घट्ट होता.

"मला माफ करा," ते म्हणाले. "पण मला ही डाळ आता गिळवत नाही."

"अहो," विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "त्यांच्याकडे असंच लागतं."

"कोणाकडे?" तपासनीसबाईंनी विचारलं.

"तुमच्याकडे."

"आमच्याकडे? मी तर समजले तुमच्याकडे असं खातात."

"आमच्याकडे? यांना डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. हे सगळं तुमच्यासाठी घातलंय. त्या रविवारी तुमच्याकडे खाल्लं तसं."

तपासनीसबाई सुनेकडे वळल्या. "तू एवढं मीठ घातलंस?"

"बाबांनी सांगितलं तेवढंच घातलं, आई. रोज."

"रोज?" त्यांनी मुलाकडे बघितलं. "आणि तू रोज खाल्लंस?"

"मला वाटलं तिच्या माहेरची चव असेल."

"मला वाटलं तुमच्या घरची," सून म्हणाली.

मग माना एकेक करत टेबलाच्या टोकाला वळत गेल्या. तपासनीसांच्या हातातला घास हातातच राहिला होता. त्यांनी तो खाली ठेवला, चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, आणि मग इतक्या दिवसांत कोणाजवळही न काढलेले शब्द एकदाचे बाहेर आले.

"मला चव कळत नाही. वासही नाही. तू गेलीस तेव्हा सर्दी झाली होती, तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. ही वाटी घेऊन उभी होती."

"अहो, पण कळत नव्हतं तर कमी आहे म्हणून कशाला सांगत होतात?"

"कमी म्हटलं की चुकत नाही," तपासनीस म्हणाले. "निदान आजवर कधी चुकलं नव्हतं."

तपासनीसबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्या पुन्हा सुनेकडे वळल्या. "पण थांब. यांनी कमी म्हटलं की तू खरंच मीठ घालायचीस?"

"म्हणजे?" सून गोंधळली. "घालायचं नसतं?"

तपासनीसबाईंनी जीभ चावली. पण शब्द तोंडातून निघून गेले होते, आणि गणिताच्या बाई समोर बसल्या होत्या.

"तुम्ही काय करता, विहीणबाई?" त्यांनी विचारलं.

"मी... वाटी आत नेते." तपासनीसबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "डाव एकदा फिरवते. आणि परत आणते."

"काही न घालता?"

"घालायचं काय? मीठ बरोबरच असतं."

पहिल्यांदा घड्याळजी हसले. नाकातल्या नाकात, हळू. मग मुलाला आवरेना. मग विहीणबाई तोंडाला पदर लावून खुर्चीच्या पाठीला टेकल्या, आणि सून हसता हसता रडायला लागली, कारण एवढे दिवस ती रोज डाळीसमोर परीक्षेला बसत होती.

तपासनीस हसले नाहीत. "लग्नापासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या खेपेला तुम्हाला नेहमी बरोबरच लागायचं," बाई म्हणाल्या. "मग मी कशाला बोलू?"

विहीणबाईंनी सगळी भांडी उचलून आत नेली आणि पांढरा भात, घट्ट दही आणि काकडीच्या चकत्या आणल्या. सगळे पोटभर जेवले. तपासनीसही जेवले, पण निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभात बसले होते तसे, सगळ्यांच्यात असून एकटे.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तपासनीसबाईंनी स्वयंपाक केला. वर्तमानपत्र वाचत बसलेल्या तपासनीसांसमोर नेहमीच्या वेळी वाटी आली. त्यांनी मान वर केली नाही.

"हे आता कशाला?"

"बघा की."

"मला काही कळत नाही, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. आणि कळत होतं तेव्हाही त्याचा उपयोग नव्हता, हे मला माहीत झालंय."

तपासनीसबाई वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "तुम्हाला कळतं म्हणून आणत नव्हते मी."

"मग कशाला आणत होतीस?"

त्यांनी जरा विचार केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. "सकाळपासून ओट्याशी उभं राहून पाठीला रग लागते. वाटी घेऊन आले की जरा खिडकीशी वारा लागतो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही पेपर खाली ठेवता. दिवसातून तेवढा एकदाच."

तपासनीसांनी वर्तमानपत्राची घडी घातली. चष्मा काढला. चमचाभर डाळ तोंडात घेऊन बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"मीठ किंचित जास्त आहे," ते म्हणाले.

"बरं, बघते," बाई म्हणाल्या आणि खिडकीशी आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

हळूहळू घराला त्याची सवय झाली. तपासनीस मनाला येईल ते सांगत. कधी आंबट जास्त, कधी गूळ कमी, एकदा तर त्यांनी तागडीला म्हणावं तसं पोळीला 'किंचित उतरती' म्हटलं. आतून "हो, बघते" म्हणून उत्तर येई आणि डाव फिरल्याचा आवाज होई. सूनही आता डाव फिरवायला शिकली होती, आणि मीठही. सासूबाईंनी तिचा हात आपल्या हातात धरून चिमूट कशी भरायची ते दाखवलं होतं. तिनं ती चिमूट घरी कोणी नसताना, शिकत असताना घेतलेल्या औषधाच्या काट्यावर तोलून पाहिली, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी वजन तेवढंच भरलं. त्यानंतर तिनं काटा कपाटात ठेवून दिला.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी ऊन फार आत आलं म्हणून तपासनीसांनी खुर्ची खिडकीपासून उचलून आतल्या बोळाच्या तोंडाशी ठेवली होती. बाकीची मंडळी गॅलरीत होती. सासू-सुना पालेभाजी निवडत होत्या आणि मुलगा मोडक्या स्टुलाला खिळे ठोकत होता. तपासनीस शब्दकोडं सोडवत होते. मधेच त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान उचलली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"काहीतरी करपतंय," ते म्हणाले.

"हो, बघते," तपासनीसबाई गॅलरीतून म्हणाल्या आणि त्यांनी पुढची जुडी सोडली.

"अगं, खरंच करपतंय."

"हो बाबा, बघतो आम्ही," सून म्हणाली. मुलानं आणखी एक खिळा ठोकला.

तपासनीस वाट बघत थांबले. कोणी उठलं नाही. मग ते स्वतःच उठले. स्वयंपाकघरात ते पाणी प्यायला सोडून सहसा जात नसत, त्यामुळे दारात पाऊल ठेवताना जरा परक्या घरात शिरल्यासारखं वाटलं. दुधाचं पातेलं गॅसवर होतं. साय कडांना तपकिरी होऊन चिकटली होती आणि मधून दाट, खमंग, कडवट धूर येत होता. गॅस बंद करायचा तर कोणतं बटण, हे त्यांना माहीत नव्हतं. पहिलं फिरवलं तर शेजारच्या शेगडीतून नुसता सूं आवाज आला. घाईनं ते बंद केलं. दुसरं फिरवलं तर ज्योत मोठी झाली. तेच उलट फिरवल्यावर ती एकदाची विझली.

मग ते पातेल्यावर वाकले.

करपलेल्या दुधाचा वास नाकात शिरला आणि थेट डोळ्यांपर्यंत गेला. त्याच्यामागून बाकीचे वासही एकेक करत येऊ लागले. ओटा पुसायची ओली फडकी, कोपऱ्यातले कांदे, फळीवरच्या डब्यांतून येणारा हिंगाचा आणि जुन्या तेलाचा वास. तपासनीस डोळे मिटून उभे राहिले.

गॅलरीतून बाई आल्या त्या नाकाला पदर लावूनच. "अरे देवा. हे दूध..." आणि मग त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसला. "अहो, दूध करपलं आणि तुम्ही हसताय काय?"

"करपलंय ना?" तपासनीसांनी विचारलं.

"दिसत नाही का तुम्हाला? तळाला कोळसा झालाय."

"दिसतंय ते राहू दे. वास कसला येतोय, ते सांग."

"कसला म्हणजे? करपल्याचा."

"हां," तपासनीस म्हणाले. "मलाही तोच येतोय."

बाईंनी पातेलं चिमट्यात धरून नळाखाली न्यायला उचललं होतं. त्या तशाच थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि ते पुन्हा शेगडीवर ठेवून दिलं. मग त्या बाजूला सरकून उभ्या राहिल्या, आणि तपासनीस मनसोक्त हुंगत राहिले.